प्लॅनेरिया, चटका आणि फेसलेली मोहरी : गावच्या कॉलेजात इजेच्या प्रतिक्रियेचा अभ्यास कसा करावा

बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचं पुनर्जननाचं प्रात्यक्षिक चाललं होतं. पांढऱ्या बशीतल्या पाण्यात सेंटिमीटरभर लांबीचा, तपकिरी, बाणाच्या टोकासारख्या डोक्याचा एक चपटा कृमी संथपणे सरकत होता. मी ब्लेड उचललं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, याले दुखत असन का जी?"

ब्लेड मी खाली ठेवलं. प्लॅनेरियाचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यापासून नवा प्राणी तयार होतो, हे मी वर्षानुवर्षं शिकवत होते आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात मायक्रोस्कोपला कॅमेरा नाही, प्रयोगशाळेत एसी नाही. तरीही त्या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते आहे. प्राणिशास्त्राचे शिक्षक, एम.एस्सी.चे विद्यार्थी आणि विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेसाठी विषय शोधणारी मुलं यांना ते वापरता यावं म्हणून.

आधी शब्द ठरवून घ्या

तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि "आई गं" नंतर येतं. हात मागे घेण्याचं काम पाठीच्या कण्यातूनच होऊन जातं. दुखणं जाणवतं ते मेंदूपर्यंत खबर पोचल्यावर. या पहिल्या भागाला, म्हणजे इजा करणाऱ्या गोष्टीची मज्जासंस्थेने नोंद घेण्याला, शास्त्रात नोसिसेप्शन म्हणतात. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०६ साली ही कल्पना रूढ केली. मुलींना समजावं म्हणून मी तिला 'इजेची नोंद' म्हणते. वेदना मात्र अनुभव आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदनेला संवेदनेबरोबर भावनेचाही नकोसा अनुभव म्हटलं आहे.

कृमीच्या अनुभवात आपल्याला डोकावता येत नाही. त्याची हालचाल मोजता येते. म्हणून आमच्या प्रयोगवहीत 'दुखलं', 'घाबरला', 'तडफडला' हे शब्द लिहायला मनाई आहे. 'आखडला', 'वळला', 'दूर गेला', 'किती सेकंदांनी' एवढंच लिहायचं. बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं की डोकं काढलेला प्लॅनेरियासुद्धा अतिनील प्रकाशापासून दूर सरकतो. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी प्रतिक्रिया आहे. तेव्हा प्रतिक्रिया दिसली म्हणजे वेदना सिद्ध झाली असं म्हणता येत नाही.

याची दुसरी बाजूही मी तितक्याच आग्रहाने सांगते. वेदना सिद्ध झाली नाही म्हणजे ती नाही असंही सिद्ध होत नाही. प्रयोग आखताना त्याला दुखत असेल असं धरूनच चालायचं. निष्कर्ष लिहिताना मात्र जेवढं मोजलं तेवढंच लिहायचं. पुढची सगळी मांडणी या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहे.

हाच प्राणी का

डोक्यात दोन पाळ्यांचा छोटा मेंदू, तिथून शेपटीपर्यंत गेलेल्या दोन मज्जारज्जू आणि त्यांना जोडणारे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे. एवढी साधी रचना असूनही त्यात आपल्या मज्जासंस्थेतली कितीतरी रसायनं आणि रेणू सापडतात.

यातला सर्वांत महत्त्वाचा रेणू समजून घ्यायला स्वयंपाकघरात जाऊ या. लोणच्यासाठी मोहरी पाण्यात फेसली की ती नाकात चढते, डोळ्यांत पाणी येतं. कोरड्या मोहरीला हा झणका नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक विकर कामाला लागतं आणि अलाइल आयसोथायोसायनेट हे तिखट रसायन तयार होतं. ते आपल्या चेतापेशींवरच्या टीआरपीए१ नावाच्या दाराला उघडतं आणि झोंबल्याची खबर पुढे जाते. मिरचीचं दार वेगळं, टीआरपीव्ही१. तेच दार साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं, म्हणून भिवापुरी मिरचीचा ठेचा 'गरम' लागतो. मिरचीच्या दाराचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना आणि स्पर्शाची दारं शोधणारे आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं.

प्लॅनेरियातही टीआरपीए१ आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने या दाराचा जनुक बंद पाडला, तेव्हा कृमी उष्ण जागा टाळेनासे झाले. ऊतीला इजा झाली की तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी क्रियाशील रसायनं तयार होतात आणि तीच हे दार उघडतात, असं त्यांनी मांडलं. माशी, माणूस आणि हा कृमी यांच्यात ही व्यवस्था सामाईक असेल तर ती फार जुनी आहे. आमच्या साकोलीच्या नाल्यातला कृमी अभ्यासायचं मला वाटणारं मोल ते हेच.

परवानगी, हंगाम, जागा

उंदीर-सशांवर प्रयोग करायचे तर संस्थेची नोंदणी आणि प्राणी नीती समितीची मंजुरी लागते. कृमीसाठी कोणी अडवत नाही म्हणून विचारायचंच नाही, असं करू नका. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' या शब्दाचा अर्थ माणूस सोडून कोणताही सजीव असा दिला आहे. काय करणार, किती प्राणी लागणार, त्यांना काय सोसावं लागणार हे एका पानावर लिहा आणि प्राचार्यांकडे किंवा समिती असेल तर समितीकडे द्या. ते पान लिहिताना निम्मा प्रयोग आपोआप सुधारतो. नागझिरा, ताडोबा, मेळघाट अशा संरक्षित जंगलातून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. गावाबाहेरच्या नाल्यातूनही ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला सांगून घ्या.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पाणी निवळलेलं आणि थंड असतं. माजी मालगुजारी तलावाच्या सांडव्याखाली, झाडांच्या सावलीतल्या वाहत्या नाल्यात, पाण्यात बुडालेल्या दगडांच्या खालच्या बाजूला पाहा. धानाच्या बांधीतून थेट उतरणाऱ्या पाण्यात शोधू नका, कारण फवारणीच्या कीटकनाशकांचा या प्राण्यांच्या चेतासंस्थेवर परिणाम होतो. ज्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मत्स्यबीज सोडण्याआधी मोहाची पेंड टाकली असेल तिथलं पाणीही नको. मोहाच्या पेंडीतलं सॅपोनिन मासे मारण्यासाठीच वापरतात.

बकऱ्याच्या किंवा कोंबडीच्या कलेजीचा हरभऱ्याएवढा तुकडा मच्छरदाणीच्या कापडात बांधून, त्याला खडा लावून संध्याकाळी दगडांमध्ये ठेवा. अर्ध्या-एक तासाने उचला. कृमी कापडाला चिकटलेले असतात. बोटाने ओढू नका, मऊ ब्रशने किंवा टोक कापलेल्या ड्रॉपरने पाण्याच्या धारेसह बरणीत उतरवा. वीस-पंचवीस पुरेत, बाकीचे तिथेच राहू द्या.

ओळख सोपी आहे. जळूला वळ्या असतात आणि दोन्ही टोकांना चोषक असतो. प्लॅनेरियाला वळ्या नसतात, डोक्यावर दोन तिरळे वाटणारे डोळे आणि कडेला कानांसारखे दोन कोपरे असतात. पावसाळ्यात अंगणात फावड्यासारख्या डोक्याचा लांबलचक जमिनीवरचा चपटा कृमी दिसतो, तो या कामासाठी नको. अशा काही प्रजातींत टेट्रोडोटॉक्सिन हे विष सापडलं आहे. आपल्या नाल्यातले कृमी बहुधा डुगेशिया गणातले निघतात, पण प्रजाती ठरवायला प्रजनन अवयवांचे छेद पाहावे लागतात. म्हणून वहीत 'डुगेशिया, प्रजाती अनिश्चित' लिहा, सोबत जागा आणि तारीख लिहा, आणि दोन नाल्यांतले कृमी कधीही एकत्र करू नका.

पाणी : सगळं इथेच बिघडतं

माझी पहिली वसाहत एका रात्रीत गेली. चूक माझीच होती. गावच्या विहिरीत आदल्या दिवशी टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकली होती आणि मी तेच पाणी घागरीतून आणून डब्यात ओतलं. सकाळी चाळीस कृमींच्या जागी तळाला चिकट थर होता. तेव्हापासून विहिरीचं, नळाचं कोणतंही पाणी उघड्या घमेल्यात किमान दोन दिवस ठेवल्याशिवाय मी वापरत नाही. त्यानंतरही आधी दोनच कृमी सोडते आणि दिवसभर पाहते.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या मित्रांना तर बोअरचं पाणी वापरताच येणार नाही, त्यात क्षार फार. आरओचं किंवा कॅनचं पाणी नुसतं वापरलं तर उलटी अडचण, त्यात क्षार पुरेसे नसतात. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात स्वतः क्षार घालणं. बार्सिलोनाच्या मॉन्ट्युइक टेकडीच्या नावाने प्रसिद्ध असलेलं हे मिश्रण जगभरच्या प्लॅनेरिया प्रयोगशाळा वापरतात. एका लिटरला सोडियम क्लोराइड ९३ मिलिग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १४७, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २४६, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट २०, पोटॅशियम क्लोराइड ७.५ आणि सोडियम बायकार्बोनेट १०१ मिलिग्रॅम. पीएच ७च्या आसपास हवा. साडेसात मिलिग्रॅम आपल्या तराजूवर मोजता येणार नाही, म्हणून शंभरपट तीव्र साठा करून ठेवा. फक्त कॅल्शियम क्लोराइडची आणि बायकार्बोनेटची बाटली वेगवेगळी ठेवा, नाहीतर तीव्र द्रावणात कॅल्शियम सल्फेटबरोबरही आणि बायकार्बोनेटबरोबरही साका धरतं.

डबे झाकणाचे, अपारदर्शक आणि नवे घ्या. साबणाचा अंशही कृमींना सोसत नाही, म्हणून डबे कधी साबणाने धुवायचे नाहीत. गरम पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

मे महिना

प्लॅनेरियाला १८ ते २२ अंश मानवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो आणि वीज केव्हा जाईल त्याचा नेम नाही. यावर उपाय कुंभाराकडे आहे. मोठ्या रांजणात चार बोटं वाळू घाला, त्यावर लहान माठ ठेवा आणि मधली फट वाळूने भरून ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करा. कृमींचा डबा आतल्या माठात, वर ओलं गोणपाट. रांजण सावलीत, पण वारा लागेल अशा जागी हवा. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि आतली उष्णता घेऊन जातं. आमच्याकडे बाहेर ४२ असताना आत २६ राहिले. हे आदर्श नाही, पण वसाहत जगते. अशा दिवसांत प्रयोग करू नका, फक्त सांभाळा. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा माठ थंड होत नाही, पण तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो.

खाणं आठवड्यातून एकदा. कच्च्या कलेजीचा लगदा किंवा उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक चिमूटभर घाला, तास-दोन तासांनी उरलेलं सगळं काढा आणि पाणी बदला. उरलेलं अन्न सडलं की वसाहत जाते. प्रयोगाआधी पाच ते सात दिवस उपाशी ठेवा, म्हणजे सगळे एकाच स्थितीत येतात. हे प्राणी उपाशी राहिले तर मरण्याऐवजी आकाराने लहान होतात, त्यामुळे आठवड्याच्या उपासाने त्यांचं बिघडत नाही.

पहिले पंधरा दिवस नुसतं पाहा

मुलांना इथे धीर नसतो, पण हा टप्पा गाळू नका. चालींमधला फरक डोळ्यांत बसल्याशिवाय पुढचे आकडे खोटे निघतात.

नेहमीची चाल म्हणजे सरकणं. पोटाखालच्या सूक्ष्म केसांच्या वल्हवण्याने कृमी काचेवर तेल सरकावं तसा जातो आणि शरीराची लांबी जवळजवळ बदलत नाही. दुसरी चाल आखडत पळण्याची. २०१५ साली अमेरिकेतल्या एका गटाने तिचं नीट मोजमाप करून तिला वेगळी चाल म्हणून मान्यता मिळवून दिली. कृमी झटकन आखडतो, मग त्याहून सावकाश लांब होतो, पुन्हा झटकन आखडतो, आणि असं करत पुढे जातो. ही चाल स्नायूंची आहे. शेपूट कापणं, तीव्र उष्णता, आम्लधर्मी पाणी, मोहरीचं रसायन अशा वेगवेगळ्या इजांना हाच प्रतिसाद येतो, म्हणून तो आपल्या कामाचा. तिसरी चाल लाटेसारखी असते. पोटाखालचे केस निकामी झाले की ती दिसते आणि तिच्यात आखडणं आणि लांबणं सारख्या वेगाने होतं. नवख्या डोळ्याला दुसरी आणि तिसरी सारख्याच वाटतात. फरक ओळखायचा तो आखडण्या-लांबण्याच्या वेळेतल्या विषमतेवरून. नुसतं डोकं वळवणं, थबकणं, अंग पिळणं हे वेगळं लिहायचं. आमचा नियम असा आहे की सलग तीन वेळा आखडला तरच 'पळाला' लिहायचं.

चित्रणासाठी साधा फोन पुरतो. काचेच्या पेट्री डिशखाली आलेखाचा कागद लावा, दोन बाजूंना पुस्तकांची चळत रचून फोन आडवा ठेवा, म्हणजे हात हलत नाही. प्लॅनेरिया उजेड टाळतो, निळ्या उजेडाला तर फारच. तांबड्या उजेडाची त्याला तितकी जाणीव नसते, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर बांधा. फोनचा फ्लॅश कधीही नको. नंतर इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्रफितीची एकेक चौकट उघडून कृमीची लांबी मोजायची, सेकंदाला दहा चौकटी पुरतात. वेळ आडव्या अक्षावर, लांबी उभ्या. सरकण्याचा आलेख सपाट येतो, आखडत पळण्याचा करवतीच्या दात्यांसारखा. हा आलेख पहिल्यांदा पडद्यावर उमटला तेव्हा आमच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

प्रयोग पहिला : उष्ण-थंड ट्रे

कुठल्याही वर्गाने सुरुवात इथूनच करावी. यात कृमीला इजा होत नाही, आणि नको वाटलं तर निघून जायची वाट त्याच्यासमोर सतत उघडी असते. मला हा प्रयोग म्हणूनच सर्वांत आवडतो.

फूटभर लांबीचा स्टीलचा ट्रे घ्या आणि त्यात अर्धा सेंटिमीटर पाणी घाला. पाणी खोल असेल तर गरम-थंड थर वर-खाली फिरू लागतात. ट्रेच्या एका टोकाखाली कोमट पाण्याचा टिफिनचा डबा, दुसऱ्या टोकाखाली माठातल्या पाण्याचा डबा ठेवा. तांबं-ॲल्युमिनियमच्या मानाने स्टीलमधून उष्णता हळू वाहते, म्हणून दोन टोकांतला फरक टिकतो. तारेच्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो, त्याने पाच ठिकाणी तापमान मोजा. थंड टोक २२, उष्ण टोक ३०-३१. माझी स्वतःची वरची मर्यादा ३२ आहे, त्यापलीकडे मी जात नाही. आधी वीस मिनिटं कृमीविना ट्रे चालवून पाहा. तापमान स्थिर राहत नसेल तर डब्यांतलं पाणी केव्हा बदलायचं याचा अंदाज तेव्हाच घ्या.

कृमी मधोमध सोडा आणि दहा मिनिटं चित्रण करा. दर १५ सेकंदांनी तो कोणत्या अर्ध्यात आहे ते लिहिलं की ४० नोंदी होतात. थंड भागातल्या नोंदींतून उष्ण भागातल्या वजा करा आणि ४०ने भागा. उत्तर १च्या जवळ आलं तर त्याने उष्ण बाजू टाळली, शून्याच्या जवळ आलं तर त्याला फरक पडला नाही. प्रत्येक कृमी एकदाच वापरायचा.

आता यातल्या खाचा. कृमी मागे चिकट श्लेष्मल रेघ ठेवतो आणि पुढचा तिचा माग घेऊ शकतो, म्हणून दर वेळी ट्रे पुसून पाणी बदला. खिडकीचा उजेड एका बाजूने येत असेल तर तुम्ही उष्णतेऐवजी उजेड मोजत आहात. उष्ण-थंड टोकं अर्ध्या कृमींसाठी उलटवा. दोन्ही टोकं थंड ठेवून तेवढ्याच कृमींवर तोच प्रयोग करा, हा तुलनेचा गट.

सर्वांत मोठी खाच आम्हाला दुसऱ्या वर्षी कळली. थंड पाण्यात कृमी मुळातच हळू चालतो. हळू चालणारा तिथे जास्त वेळ दिसणारच, त्याने उष्णता टाळली असो वा नसो. म्हणून नुसत्या वेळेवर विसंबू नका. चित्रफितीत पाहा : उष्ण भागाच्या सीमेशी कृमी किती वेळा आला आणि त्यातून किती वेळा डोकं वळवून परतला? हा परतण्याचा आकडा तुलनेच्या गटापेक्षा ठळकपणे जास्त असेल तर 'टाळलं' म्हणायला आधार मिळतो.

प्रयोग दुसरा : मोहरीचं रसायन

हा पदवी-पदव्युत्तर प्रयोगशाळेसाठी. शाळेत नको. मोहरी फेसून तिचं पाणी घालण्याचा मोह होतो, पण त्यात रसायन किती हे कळत नाही आणि मिनिटागणिक ते बदलतं. शुद्ध अलाइल आयसोथायोसायनेट घ्या. १ मायक्रोलिटर रसायन १ मिलिलिटर डीएमएसओ या विद्रावकात मिसळलं की साधारण १० मिलिमोलर द्रावण होतं. त्याचा २०० पट पातळ केलेला भाग म्हणजे ५० मायक्रोमोलर. पातळ द्रावण त्याच वेळी करा, ते टिकत नाही. खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. वाफ डोळ्यांना भयंकर झोंबते.

कृमी एका डिशमध्ये एकटा. आधी नुसत्या क्षारपाण्यात एक मिनिट चित्रण, मग द्रावणात एक मिनिट, मग लगेच तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुणं. किती सेकंदांनी आखडायला लागला, मिनिटात किती वेळा आखडला, एवढं मोजा. तीन गट हवेत : नुसतं क्षारपाणी, ०.५ टक्के डीएमएसओ घातलेलं क्षारपाणी, आणि रसायन. मधला गट गाळला तर परिणाम रसायनाचा की विद्रावकाचा हे कधीच सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कृमी सरकतो का, खातो का ते पाहा. त्वचा सुटलेली दिसली तर मात्रा जास्त झाली. तिथेच थांबा आणि ती कमी करा.

मिरचीचं कॅप्सेसिन वापरू का, असं मुलं हमखास विचारतात. पक्ष्यांनाही टीआरपीव्ही१ आहे, पण त्यांचं दार कॅप्सेसिनने उघडत नाही, म्हणून पोपट मिरच्या मजेत खातो. आपल्याला झोंबतं ते कृमीलाही झोंबेल असं धरून चालू नका.

वेदनाशामक तपासायचं असेल तर

आपल्याकडे गुडघेदुखीला निर्गुडीचा पाला सगळे बांधतात, त्यामुळे आविष्कारच्या प्रकल्पांत निर्गुडीचा अर्क हटकून येतो. कल्पना चांगली आहे, पण तीन गोष्टी आधी तपासा. पहिली, अर्काचा पीएच. आम्लधर्मी पाणी स्वतःच कृमीला आखडायला लावतं. मेडिकलमधून ॲस्पिरिनची गोळी आणून विरघळवली तरी हाच घोटाळा, शिवाय गोळीत इतर भुकटीही असते. दुसरी, अर्काचा रंग आणि गढूळपणा, कारण चित्रफितीत कृमीची कड दिसली पाहिजे.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. कृमी कमी आखडला तो इजेची नोंद कमी झाली म्हणून, की अर्काने त्याचे स्नायूच ढिले पडले म्हणून? भूल देऊन बेशुद्ध केलेला माणूसही हात मागे घेत नाही. यासाठी सोपी चाचणी आहे. आलेखाच्या कागदावर अर्ध्या सेंटिमीटरच्या रेषा मारा आणि पाच मिनिटांत कृमी किती रेषा ओलांडतो ते मोजा. अर्कातल्या कृमींचा आकडा साध्या पाण्यातल्यांइतकाच असेल आणि तरीही मोहरीच्या रसायनाला ते कमी आखडत असतील, तरच पुढे बोलायला जागा आहे. तेव्हाही लिहायचं ते इतकंच : 'या तीव्रतेला आखडण्याचं प्रमाण कमी झालं.' 'निर्गुडी वेदनाशामक सिद्ध' असं पोस्टरवर दिसलं की मी ते उतरवायला लावते.

जनुक बंद पाडून खात्री करण्याचा मार्गही प्लॅनेरियात सोपा आहे, दुहेरी धाग्याचा आरएनए कलेजीत मिसळून खाऊ घालतात. पण तो आरएनए बनवायला सुसज्ज प्रयोगशाळा लागते, त्यासाठी विद्यापीठातल्या एखाद्या विभागाचा हात धरा.

मोजणाऱ्याला माहीत नसावं

आपल्याला जे दिसावंसं वाटतं ते दिसतं. म्हणून एका मुलीने बाटल्यांवर नुसते क्रमांक टाकायचे आणि कोणत्या क्रमांकात काय, ते पाकिटात बंद करून माझ्या कपाटात ठेवायचं. कोणता कृमी कोणत्या गटात जाईल ते चिठ्ठ्या टाकून. चित्रफिती मोजणाऱ्या दोघी वेगळ्या, एकमेकींचे आकडे न पाहता मोजणाऱ्या. दोघींचे आकडे जुळत नसतील तर 'आखडणं' म्हणजे काय याची व्याख्या पुन्हा घट्ट करायची. पाकीट सगळ्यात शेवटी फोडायचं. रोजच्या नोंदीत पाण्याचं तापमान, वेळ आणि शेवटचं खाणं कधी झालं, हे कधी विसरायचं नाही.

सुरुवातीला गटात आठ-दहा कृमी पुरेत. आकडे बहुतेक वेळा विस्कळीत येतात, म्हणून सरासरीबरोबर मध्यक द्या, प्रत्येक कृमीचा बिंदू आलेखावर दाखवा आणि दोन गटांच्या तुलनेसाठी मान-व्हिटनी ही संख्याशास्त्रातली चाचणी वापरा. परिणाम दिसला नाही तरी तोही तसाच लिहायचा. फक्त 'आणखी वीस वापरून पाहू' असं करत परिणाम येईपर्यंत प्राणी वाढवायचे नाहीत. रसेल आणि बर्च यांनी १९५९मध्ये मांडलेली तीन तत्त्वं, म्हणजे शक्य तिथे प्राणी टाळा, संख्या कमी ठेवा, त्रास कमी करा, मी वर्गाच्या भिंतीवर मराठीत लावली आहेत. शेपूट कापून आखडणं दाखवण्याचं प्रात्यक्षिक आम्ही त्याच कारणाने बंद केलं. एकदा नीट चित्रित केलेली फीत दरवर्षी दाखवता येते.

प्रयोगानंतर

रसायनात गेलेले कृमी नाल्यात परत सोडायचे नाहीत, पुन्हा प्रयोगातही घ्यायचे नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा डबा ठेवा. तिथे ते खातात, शेपटीकडून तुटून दोनाचे चार होतात आणि वर्षभरात पुनर्जननाच्या निरीक्षणाला पुरून उरतात. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, तिने पदवी मिळेपर्यंत तो डबा सांभाळला.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कृमींना एकदा खाऊ घाला, दुसऱ्या दिवशी पाणी दोनदा बदला आणि डबे माठात ठेवून कुलूप लावा. अन्न टाकून जाऊ नका. दोन-तीन आठवड्यांचा उपास ते काढतात, सडलेल्या अन्नाचं पाणी एक दिवसही काढत नाहीत. वाळू ओली करायला मात्र रोज कोणीतरी हवं. आमच्याकडे हे काम प्रयोगशाळेतले काका करतात आणि माठावर खडूने तारीख टाकतात.